द्विपंखी कीटकांचे शास्त्रकार : योहान मायगेन

माशी दिसली की कोणाचाही हात तिला हाकलण्यासाठीच उठतो. तिला निरखून पाहावे, तिच्या पंखांवरील शिरा मोजाव्यात, तिचे कूळ कोणते याचा शोध घ्यावा, असे फारच थोड्यांच्या मनात येते. जर्मनीतील एका गरीब शिक्षकाने मात्र आपले जवळजवळ सारे आयुष्य याच कामी वेचले. योहान विल्हेल्म मायगेन हे त्यांचे नाव.

मायगेन यांचा जन्म ३ मे १७६४ रोजी जर्मनीच्या पश्चिम भागातील सोलिंगेन या गावी झाला. हे गाव पूर्वीपासून तलवारी आणि सुऱ्या यांसाठी प्रसिद्ध आहे. योहानचे आजोबा या धंद्यातील कसबी कारागीर होते, शिवाय त्यांची शेतीवाडीही होती. परंतु युद्धामुळे या मालमत्तेवर कर्जाचा बोजा चढला. त्यातच पिके बुडाली, व्यवहारात ठोकर बसली आणि सारे विकून कुटुंब पुन्हा सोलिंगेनला आले. आईवडिलांचे तेथे लहानसे दुकान होते. आठ भावंडांत योहान पाचवा. एवढ्या मोठ्या संसारात त्याच्या शिक्षणाची आबाळ व्हावी यात नवल नाही. तो गावच्या शाळेत गेला, पण अगदी थोडे दिवस.

तथापि शाळा सुटली तरी विद्या सुटली नाही. त्यांच्या घरी सरकारी मोजणीखात्यातील एक गृहस्थ भाड्याने राहत असत. त्यांनी या मुलाला गणित शिकवले. प्रार्थनामंदिरात वाद्य वाजविणाऱ्या एका शिक्षकाने त्याला पियानो, शुद्धलेखन आणि सुंदर हस्ताक्षराचे धडे दिले, आणि तो बारा वर्षांचा झाल्यावर फ्रेंच भाषाही शिकवली. मोजमापाची सवय, वळणदार अक्षर आणि एक परकी भाषा! पुढे आयुष्यभर मायगेन यांना याच शिदोरीवर गुजराण करावयाची होती, आणि विलक्षण गोष्ट अशी की, त्यांच्या शास्त्रकार्यालाही नेमकी हीच शिदोरी उपयोगी पडली.

तरुणपणी ते आखेन शहरातील एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकविण्यासाठी राहिले. तेथे त्यांनी फुलपाखरांचा एक मोठा संग्रह पाहिला. निसर्गाची आवड पूर्वीपासून होतीच. तिला आता दिशा मिळाली. लिनीयस या थोर स्वीडिश शास्त्रज्ञाच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर हाती घेऊन ते रानावनातील कीटक ओळखू लागले. फुलपाखरे सुंदर असतात, म्हणून त्यांचे अभ्यासक पुष्कळ. माश्यांच्या वाटेला मात्र सहसा कोणी जात नव्हते. मायगेन यांनी तीच वाट धरली.

बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात. घरमाशी, डास, चिलटे यांना मात्र एकच जोडी असते. मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक गाठीदार दांड्या उरलेल्या असतात व त्या उडताना तोल सांभाळतात. म्हणून या साऱ्यांना द्विपंखी कीटक म्हणतात. त्यांतील परस्परांशी निकटचे साम्य असणाऱ्या जातींच्या गटास वंश हे नाव आहे. लिनीयसने १७५८ साली हे सर्व द्विपंखी कीटक अवघ्या दहा वंशांत बसविले होते. घर लहान आणि पाहुणे अपार, अशी अवस्था लवकरच झाली. लिनीयसचा शिष्य फाब्रिसियस याने मग मुखाची रचना पाहून वर्गीकरण करण्याची पद्धत काढली. ही पद्धत बुद्धीला पटणारी होती; पण तांदळाच्या दाण्याहून लहान असलेल्या, वाळून गेलेल्या माशीचे तोंड उलगडून पाहणार कसे? तसे करताना माशीचाच चुरा होई.

मायगेन यांच्याजवळ मोठी उपकरणे नव्हती. साधे भिंग घेऊन बसल्यावर त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. माशी कितीही लहान असो, तिचा पंख काचेसारखा पारदर्शक असतो आणि त्यावरील शिरांचे जाळे स्पष्ट दिसते. ते जाळे कसेही विणलेले नसते. एका वंशातील सर्व जातींत त्याची ठेवण साधारण सारखी आणि दुसऱ्या वंशात ती निराळी असते. जणू प्रत्येक माशीने आपल्या घराण्याचा नकाशाच पाठीवर वागविलेला असतो! तरीही केवळ पंखावर ते विसंबून राहिले नाहीत. डोक्यावरील शृंगिका, डोळे, पाय, पोटाचा आकार अशी सगळी लक्षणे एकत्र ताडून पाहिल्याशिवाय निर्णय द्यावयाचा नाही, असा त्यांचा बाणा होता. निसर्गात जी नाती खरोखरच आहेत ती त्यांना शोधावयाची होती; सोयीसाठी कसेही कप्पे पाडावयाचे नव्हते.

या पद्धतीचा कस लागला तो छोट्या शिकारी माश्यांच्या बाबतीत. माशी म्हणजे उष्ट्यावर बसणारा जीव अशी आपली समजूत असते. पण कित्येक इवल्याशा माश्या वाघासारख्या शिकारीवर जगतात. काही झाडाच्या खोडावर आणि दगडांवर मुंग्यांप्रमाणे लगबगीने धावतात व लहान किडे पकडून त्यांचा रस शोषतात. अशा माश्यांच्या वंशाला मायगेन यांनी टॅकिड्रोमिया हे नाव दिले. वेगाने धावणे या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ते बनले आहे. दुसऱ्या काहींची पाठ कुबड आल्यासारखी उंच व मागच्या मांड्या जाड, काटेरी असतात. त्यांना त्यांनी कुबड या अर्थाच्या शब्दावरून हायबॉस म्हटले. सीनोशिया हा आणखी एक वंश त्यांनी १८२६ साली वेगळा केला. या माश्या पानावर दबा धरून बसतात आणि जवळून उडत जाणाऱ्या किड्यावर झेप घालून त्याला हवेतच पकडतात. हा शिकारीचा धंदा पाहून कोणीही त्यांना टॅकिड्रोमियाच्या शेजारी बसविले असते. परंतु सीनोशियाचा पंख आणि शृंगिका पाहिल्या की तिचे नाते आपल्या घरमाशीशी जुळते. धंदा एक म्हणून कूळ एक होत नाही.

इकडे मायगेन यांचा स्वतःचा धंदा शिक्षकाचाच राहिला. १७९६ साली ते आखेनजवळच्या स्टोलबर्ग या लहान गावी फ्रेंच भाषेचे शिक्षक म्हणून गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. ऱ्हाईन नदीच्या पश्चिमेचा तो सारा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात गेला होता. पुढे १८१५ साली तो प्रशियाकडे आला. राज्ये बदलली, तरी मायगेन यांची ओढग्रस्त काही बदलली नाही. शाळा, खासगी शिकवण्या, संगीताचे धडे, नकाशे काढणे, असे जे मिळेल ते काम करून ते संसार चालवीत, आणि उरलेल्या वेळात भिंगाखाली माशी ठेवून तिचे वर्णन लिहीत. सोबतची चित्रेही स्वतःच काढून रंगवीत.

त्यांची पहिली लहानशी पुस्तिका १८०० साली पॅरिस येथे फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी नव्या वंशांना नावे दिली होती, परंतु वर्णने फारच त्रोटक होती. तीनच वर्षांनी जर्मनीतील एका कीटकशास्त्रीय मासिकात त्यांनी हाच विषय पुन्हा मांडला आणि बरीच नावे बदलून टाकली. कुबड्या माशीला आधी त्यांनी नोएझा म्हटले होते. ती आता हायबॉस झाली. त्यांना जुनी नावे पसंत नसावीत. परंतु शास्त्रात आधी दिलेले नाव मागाहून बदलणे बरे नव्हे, आणि या घाईचे फळ नंतरच्या अभ्यासकांना भोगावे लागले. ती पुस्तिका विस्मृतीत गेली होती. १९०८ साली हेन्डेल नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाने तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले, तेव्हा कोणती नावे खरी मानावी याविषयी मोठा वाद माजला. तो पन्नासहून अधिक वर्षे चालला! अखेर १९६३ साली प्राण्यांच्या नामकरणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्या पुस्तिकेतील नावे बाजूस सारली.

मायगेन यांची खरी कीर्ती ज्या ग्रंथावर उभी आहे, तो युरोपातील द्विपंखी कीटकांवरील ग्रंथ १८१८ पासून १८३८ पर्यंत सात खंडांत निघाला. पहिला खंड छापला गेला तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते आणि अखेरच्या खंडाच्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांचे. या कामात कील येथील प्राध्यापक वीडमान यांच्यासारखे विद्वान त्यांचे स्नेही झाले. युरोपाबाहेरील माश्यांचे वर्णन वीडमान यांनी आपल्याकडे घेतले आणि अशा रीतीने दोघांनी मिळून जणू सारे जगच वाटून घेतले.

या खंडांत अशी काही नावे आहेत की, त्यांचे भवितव्य मायगेन यांनाही कळणे शक्य नव्हते. पहिल्याच खंडात डासांच्या एका वंशाला त्यांनी ॲनॉफिलीस हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ निरुपयोगी. पुढे सुमारे ऐंशी वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना याच वंशातील डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूंचा माग लागला. पिकल्या फळांभोवती घोंघावणाऱ्या एका चिमुकल्या माशीचे वर्णन मायगेन यांनी १८३० साली केले आणि तिच्या काळसर पोटावरून मेलॅनोगॅस्टर असे तिच्या जातीला म्हटले. आनुवंशिकतेचे कितीतरी नियम विसाव्या शतकात याच माशीने शास्त्रज्ञांना शिकवले. तिसऱ्या खंडातील हिलारा या शिकारी माशीची कथा तर विशेष मौजेची आहे. या माश्या पाण्याच्या पृष्ठभागाजवळ थव्याने नाचताना दिसतात आणि नराच्या पुढच्या पायाचा एक भाग फुगीर असतो. हा फुगीरपणा कशासाठी, हे मागाहून कळले. त्यात रेशीम तयार होते. नर एखादा किडा पकडतो, त्याला त्या रेशमात गुंडाळतो आणि तो नजराणा मादीपुढे ठेवतो!

एवढा ग्रंथ सिद्ध झाला, पण त्याने मायगेन यांचे दारिद्र्य काही फिटले नाही. म्हातारपणी त्यांना आपला माश्यांचा संग्रह आणि हाताने रंगविलेली शेकडो चित्रे विकावी लागली. पॅरिस येथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयाने ती विकत घेतली. ज्या माश्या त्यांनी स्वतः टाचणीवर लावल्या होत्या, त्या अशा परदेशी गेल्या. १८४५ साली बॉन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी अर्पण केली. शाळेत थोडेच दिवस गेलेल्या या शिक्षकाचे वय तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या घरात होते. त्याच वर्षी ११ जुलै रोजी स्टोलबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची चित्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापली गेली. माश्यांचा तो संग्रह पॅरिसमध्ये आहे. युरोपातील एखादी शिकारी माशी नवी आहे की मायगेन यांनी पूर्वीच वर्णिलेली आहे अशी शंका आली, की अभ्यासक त्या जुन्या पेट्या उघडतात आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या पंखावरील शिरांशी नव्या पंखावरील शिरा ताडून पाहतात.