कथेतून मुले घडविणारे साने गुरुजी

आपल्या आगरी समाजातील वारकरी घरांस साने गुरुजी ठाऊक आहेत, ते पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये केलेल्या उपोषणामुळे. परंतु हा सत्पुरुष मुळात मुलांचा शिक्षक होता.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घर खोतांचे, पण पुढे कर्जाने खालावले. त्या हलाखीतच मातोश्री यशोदाबाईंनी मुलांस वळण लावले. १९१७ साली त्या निवर्तल्या, तेव्हा पांडुरंग शिक्षणासाठी दूर होता. ही रुखरुख त्यांस जन्मभर पुरली.

१९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांची अंथरुणे ते आवरीत, मळके कपडे धुवीत, आणि त्याविषयी चकार शब्द काढीत नसत. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहीत. आम्हा शिक्षकांपैकी पुष्कळांनी जे छडीने साधू पाहिले, ते त्यांनी गोष्टीने व कृतीने साधले.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहिला. सायंप्रार्थनेनंतर श्याम सोबत्यांस आईच्या आठवणी सांगतो, एवढीच त्याची मांडणी. हा श्याम काही आदर्श बालक नव्हे. पोहण्यास भिऊन तो लपतो आणि आईच्या हातचा मार खातो. न्हाऊन ओले तळवे मातीत ठेवण्यास तो कुरकुरतो, तेव्हा तीच आई आपले लुगडे त्याच्या पायांखाली पसरते व पायांस जपतोस तसे मनासही जप, असे सुचविते. ऐकणारे मूल श्यामच्या जागी स्वतःस पाहते. येथेच गोष्ट उपदेशाहून वरचढ ठरते, असे माझे मत आहे.

आपल्या बोनकोड्यात शेते गेली, अंगणे गेली, इमारती उभ्या राहिल्या. आजी एका खोलीत व नातू मोबाईल घेऊन दुसऱ्या खोलीत, हे चित्र घरोघर आहे. खाडीच्या, शेताच्या, उपासमारीच्या वर्षांच्या गोष्टी आजीपाशीच राहिल्या आहेत. त्या छापील पुस्तकात मिळावयाच्या नाहीत. असो.

११ जून १९५० रोजी गुरुजींचे निधन झाले. पुढल्याच वर्षी प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि गोष्टी सांगणारी माणसे शाळाशाळांतून मुलांपुढे बसू लागली.