धुरावर इलाज

विद्यार्थी मित्रांनो, मोटारगाडी तुम्ही रोज पाहता. तिची चाके, दिवे, भोंगा हे सर्व तुमच्या ओळखीचे आहे. पण गाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये, पोलादी पत्र्याचा एक डबा बसवलेला असतो. त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. इंजिनातून निघालेला धूर या डब्यातून जातो आणि त्यातील बरेचसे विष तेथेच नाहीसे होते. या डब्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. मराठीत त्याला उत्प्रेरक परिवर्तक असे नाव आहे. मोटारीसाठी असा डबा तयार करण्याकरिता ज्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे खर्च केली, त्या यूजीन हूड्री यांचे चरित्र आज आपण वाचणार आहोत.

यूजीन हूड्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी फ्रान्समध्ये, पॅरिसजवळील दोमाँ या गावी झाला. त्यांच्या वडिलांचा पोलादाचा व्यवसाय होता. यंत्रांच्या आवाजातच मुलगा वाढला. पुढे त्यांनी पॅरिसमध्ये यंत्र-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९११ साली ते आपल्या वर्गात पहिले आले. ते केवळ पुस्तकात डोके घालून बसणारे विद्यार्थी नव्हते. ते फुटबॉल उत्तम खेळत आणि संघाचे कप्तानही होते. शिक्षण संपल्यावर ते वडिलांच्या कारखान्यात काम करू लागले.

इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. हूड्री सैन्यात गेले. त्या काळी रणगाडे ही नवीनच गोष्ट होती. एप्रिल १९१७ मध्ये जुव्हिंकूर येथे फ्रान्सचे रणगाडे प्रथमच लढाईत उतरले. त्या लढाईत हूड्री गंभीर जखमी झाले. गोळीबार चालू असतानाही बंद पडलेल्या रणगाड्यांच्या दुरुस्तीची व्यवस्था त्यांनी केली होती. या धैर्याबद्दल फ्रान्सने त्यांना मोठे सन्मान दिले.

युद्धानंतर त्यांना मोटारींच्या शर्यतींचा छंद लागला. १९२२ साली ते अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी फोर्ड कंपनीचा कारखाना पाहिला आणि इंडियानापोलिस येथील प्रसिद्ध शर्यतही पाहिली. गाडी वेगाने पळवायची, तर इंजिन चांगले हवे हे सर्वांनाच कळते. हूड्रींच्या मनात मात्र वेगळाच विचार आला. इंजिन कितीही चांगले असले, तरी त्याला मिळणारे पेट्रोल निकृष्ट असेल तर ते काय करणार? तेव्हापासून चांगले पेट्रोल तयार करणे हा त्यांचा ध्यास झाला.

फ्रान्समध्ये खनिज तेल फारसे सापडत नव्हते, पण लिग्नाईट नावाचा तपकिरी कोळसा होता. या कोळशापासून पेट्रोल बनवण्याचा प्रयोग प्रुदोम नावाचे एक औषधनिर्माते करीत होते. हूड्री त्यांना जाऊन मिळाले. या कामात उत्प्रेरक वापरावा लागे. उत्प्रेरक म्हणजे काय, हे एका उदाहरणाने समजून घ्या. लग्न जमवणारा मध्यस्थ दोन घरे एकत्र आणतो, पण स्वतः त्या घरांपैकी कोणाचाच होत नाही. काम झाले की तो दुसरीकडे जातो. उत्प्रेरकही असाच असतो. तो रासायनिक क्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्च होत नाही.

१९२९ साली त्यांचा छोटा कारखाना उभा राहिला. रोज सुमारे ६० टन लिग्नाईटवर तेथे प्रक्रिया होई. परंतु खर्च जास्त आणि उत्पन्न कमी अशी स्थिती झाली. कारखाना बंद करावा लागला. अनेक वर्षांची मेहनत वाया गेली, असे कोणालाही वाटले असते. पण या अपयशातून हूड्रींच्या हाती एक मोलाची गोष्ट लागली होती. ती गोष्ट म्हणजे माती! होय, तुम्ही जिला मुलतानी माती म्हणता, त्याच जातीची माती. जड तेलाची वाफ या मातीवरून नेली, की त्या तेलाचे चांगल्या पेट्रोलमध्ये रूपांतर होते, हे त्यांना दिसले.

आता एक नवी अडचण आली. थोड्या वेळाने मातीचे काम मंद होत असे. माती खराब झाली, ती फेकून द्या, असे म्हणणे सोपे होते. हूड्रींनी तसे केले नाही. माती का थांबते, याचा त्यांनी शोध घेतला. कढईच्या बुडाला काजळी बसावी, तसा मातीच्या कणांवर कार्बनचा थर बसत होता. म्हणजे दोष मातीत नव्हता. तिच्यावर बसणाऱ्या थरात होता. त्यांनी मातीवरून गरम हवा सोडून तो कार्बन जाळून टाकला. माती पुन्हा कामाला लागली. दोष कोठे दिसतो आणि तो खरोखर कोठे असतो, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्या कामाला येणार आहे.

१९३० साली अमेरिकेतील एका तेल कंपनीने हूड्रींना बोलावून घेतले. तेथेही दिवस सोपे नव्हते. मंदीमुळे कंपनीकडे पैसा उरला नाही. १९३३ साली सन ऑइल ही दुसरी कंपनी मदतीला आली. अखेर १९३७ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील मार्कस हूक येथे मोठा कारखाना सुरू झाला. तेथे दिवसाला १२,००० पिंपे तेलावर प्रक्रिया होत असे. दुसऱ्या महायुद्धात विमानांना लागणारे उत्तम प्रतीचे पेट्रोल या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर तयार झाले.

याच काळात त्यांच्या मायदेशावर संकट आले. १९४० साली जर्मनीने फ्रान्स जिंकला. शत्रूपुढे नमलेले सरकार हूड्रींना मान्य नव्हते. अमेरिकेत राहून त्यांनी स्वतंत्र फ्रान्सच्या बाजूने उघडपणे काम केले. तेव्हा त्या सरकारने १९४१ साली त्यांचे नागरिकत्वच काढून घेतले. ज्या देशासाठी त्यांनी रक्त सांडले, त्याच देशाच्या कागदावरून त्यांचे नाव पुसले गेले. १९४२ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले.

युद्ध संपले. हूड्रींजवळ आता कीर्ती होती आणि पैसाही होता. ते आरामात राहू शकले असते. पण त्या सुमारास लॉस एंजेलिस शहराची हवा बिघडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. शहरावर तपकिरी धुरके पसरे. लोकांचे डोळे चुरचुरत, श्वास घेणे कठीण होई. मोटारी आणि कारखाने यांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे घडते, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ज्या माणसाने पेट्रोल चांगले आणि विपुल केले, त्यालाच आता त्या पेट्रोलच्या धुराची काळजी लागली.

हूड्रींनी ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढली. प्रथम त्यांनी कारखान्यांच्या धुराड्यांसाठी परिवर्तक बनवले. नंतर गोदामात माल उचलणाऱ्या गाड्यांसाठी बनवले. मग ते मोटारीकडे वळले. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि न जळलेले पेट्रोल यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांत करायचे, ही त्यांची कल्पना होती. १९५६ साली त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले.

परंतु हा डबा मोटारीत टिकेना. कारण काय असावे? इंजिनात ठकठक होऊ नये म्हणून त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. ते शिसे धुराबरोबर येऊन उत्प्रेरकावर बसे आणि त्याला निकामी करी. गोदामातील गाड्या बिनशिशाच्या पेट्रोलवर चालत, म्हणून तेथे डबा टिकला. मातीवरचा कार्बन हूड्रींनी जाळून टाकला होता, पण शिसे तसे जाळता येत नव्हते. इलाज एकच होता, तो म्हणजे पेट्रोलमधून शिसे काढून टाकणे. ते एका माणसाच्या हातात नव्हते. १८ जुलै १९६२ रोजी हूड्री यांचे निधन झाले. आपला डबा रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारीत बसलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यानंतर काळ बदलला. अमेरिकेने १९७० साली हवा शुद्ध ठेवण्याचा कडक कायदा केला. १९७५ सालच्या बहुतेक नव्या अमेरिकन मोटारींत परिवर्तक आला आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. २०२१ साली जगातील शेवटच्या देशानेही मोटारींसाठी ते विकणे थांबवले. शिसे मुलांच्या मेंदूलाही अपाय करते. म्हणून हा फायदा दुहेरी झाला.

आता या डब्याच्या सोबत्याची ओळख करून घेऊ. त्याचे नाव ऑक्सिजन सेन्सर. १९७६ साली तो स्वीडनच्या व्हॉल्वो मोटारीत प्रथम बसवला गेला. हकीम जशी नाडी पाहतो, तसा हा सेन्सर धुरातील ऑक्सिजन पाहतो. १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळले, तरच आजचा परिवर्तक धुरातील तिन्ही प्रकारचे विषारी वायू दूर करू शकतो. पेट्रोल जास्त झाले, तर सेन्सर सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो. हवा जास्त झाली, तर सुमारे ०.१ व्होल्ट दाखवतो. त्यावरून गाडीचा संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. पुढे अनेक गाड्यांत परिवर्तकाच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन सेन्सर आले.

समजा, अशी एक गाडी गॅरेजमध्ये आली. चालकासमोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आहे. मिस्त्री स्कॅनर लावतो. पी ०४२० हा संकेतांक दिसतो. परिवर्तकाचे काम कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. घाईचा मिस्त्री लगेच नवा डबा बसवतो. मालकाचे हजारो रुपये जातात आणि काही महिन्यांनी नवा डबाही निकामी होतो. असे का होते?

शहाणा मिस्त्री आधी इंजिन चांगले तापू देतो, कारण थंड परिवर्तक काम करीत नाही. मग तो दोन्ही सेन्सर पाहतो. पहिल्याचा आकडा सतत वर-खाली होत असेल आणि दुसऱ्याचा जवळजवळ स्थिर असेल, तर डबा ठीक आहे. दुसराही पहिल्यासारखाच नाचू लागला, तर डबा थकला आहे. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. धुराच्या नळीला भोक आहे का, हे तो पाहतो. त्या भोकातून बाहेरची हवा आत शिरली, तर सेन्सर फसतो. पेट्रोल कमी पडते आहे असे समजून संगणक ते उगाच वाढवतो. एखादा स्पार्क प्लग नीट पेटत नसेल, तर न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन जळते. त्या उष्णतेने आतील चिनी मातीची जाळी वितळते. मग वाट तुंबते आणि गाडीचा जोर कमी होतो. जाळी तुटली, तर डबा हलवताच खुळखुळ वाजतो. इंजिन ऑइल जाळत असेल, तर त्याची राख उत्प्रेरकावर बसते. सेन्सर म्हातारा झाला असेल, तर तो चुकीची खबर देतो. हे मूळ दोष दूर केल्यानंतरच नवा डबा बसवणे योग्य.

पाहा मित्रांनो, परिवर्तक बहुधा आपणहून बिघडत नाही. त्याच्यापर्यंत जे येते, ते त्याला बिघडवते. हूड्रींच्या मातीला कार्बनने अडवले, त्यांच्या डब्याला शिशाने मारले आणि आजच्या डब्याला कच्चे पेट्रोल व जळके ऑइल मारते. तुमच्यापैकी कोणी उद्या मिस्त्री होईल, कोणी डॉक्टर, कोणी अभियंता. काम कोणतेही असो, जेथे दुखते तेथेच रोग आहे असे समजू नका. थोडे मागे जाऊन कारण शोधा. हूड्री आयुष्यभर हेच करीत राहिले. त्यांना स्वतःला फळ मिळाले नाही, पण आज कोट्यवधी माणसे त्या फळाचा लाभ श्वासाश्वासाला घेत आहेत.

स्वाध्याय

१. लिग्नाईटचा कारखाना बंद पडला, तरी हूड्रींना कोणता फायदा झाला?
२. माती पुन्हा कामाला लागावी म्हणून हूड्रींनी काय केले?
३. हूड्रींचे फ्रान्सचे नागरिकत्व का काढून घेण्यात आले?
४. मोटारीतील परिवर्तक त्या काळी का टिकला नाही? गोदामातील गाड्यांत तो का टिकला?
५. नवा परिवर्तक बसवण्यापूर्वी मिस्त्रीने कोणकोणत्या गोष्टी तपासाव्यात, ते तुमच्या शब्दांत लिहा.