काचेचा तुकडा

तत्त्वज्ञानाच्या तासाला एकदा आमच्यात वाद पेटला. ध्यान म्हटले की ध्यान करणारा आला आणि ज्याचे ध्यान करायचे तेही आले. मग या दुकलीतून अद्वैत हाती लागणार कसे? मी तावातावाने ‘मुळीच नाही’ या पक्षाला होतो. माझी आजी रोज तासभर डोळे मिटून विठोबापुढे बसे. पण उठली की आजी ती आजी आणि विठोबा तो विठोबा! त्या भरातच मी ग्रंथालयातून रामकृष्ण परमहंसांचे चरित्र आणले, ते माझी बाजू बळकट करण्यासाठी.

प्रारंभी ती झालीही. १८ फेब्रुवारी १८३६ रोजी हुगळी जिल्ह्यातील कामारपुकुर येथे जन्मलेले हे गदाधर. राणी रासमणींनी १८५५ साली दक्षिणेश्वरला कालीमंदिर उभारले, तेथे थोरल्या भावामागोमाग ते पुजारी झाले. देवी दिसत नाही तर जगायचे कशाला, म्हणून मंदिरातले खड्ग घ्यायला ते धावले आणि त्याच क्षणी ती प्रकटली. पुढे ते तिच्याशी लेकराप्रमाणे बोलू लागले. म्हणजे चक्क द्वैत!

मग १८६४-६५च्या सुमारास तोतापुरी आले. हे भटके नागा संन्यासी, तीन दिवसांहून अधिक कोठे न थांबणारे. त्यांनी वेदान्त शिकवण्याची तयारी दाखवली, तर रामकृष्ण म्हणाले, आधी आईला विचारून येतो. अद्वैतासाठी देवीची परवानगी! तोतापुरींना हसू आले असल्यास नवल नाही. जन्मदात्री आईला दुःख नको म्हणून संन्यास मात्र गुपचूप घेतला.

ध्यानाला बसल्यावर सगळे विषय गळून पडले, फक्त काली हटेना. हे आपल्याला जमणार नाही, असे रामकृष्णांनी सांगून टाकले. तोतापुरी संतापले. कुटीत पडलेला काचेचा तुकडा उचलून त्यांनी त्याचे टोक शिष्याच्या भुवयांमध्ये रुतवले आणि मन तेथे लावायला सांगितले. पुन्हा काली आली. या खेपेस ज्ञानाच्या खड्गाने त्यांनी ती मूर्ती दुभंगली आणि मन निर्विकल्पात बुडाले. तीन दिवस! तोतापुरींना याच गोष्टीसाठी चाळीस वर्षे लागली होती.

येथे मी पुस्तक मिटून बसलो. काच, भुवया, टोचणे, सारे द्वैताचेच सामान. पण मला अधिक खुपले ते खड्ग. एकदा तिच्यासाठी स्वतःवर उगारलेले, दुसऱ्यांदा तिच्यावरच चालवलेले. पहिले नसते तर दुसरे हाती आले असते का? माझ्या वादात हा मुद्दाच नव्हता.

तोतापुरी मग अकरा महिने राहिले. रामकृष्णही पुन्हा कालीकडे वळले. अखेरीस काशीपूरच्या बागेत घशाच्या कर्करोगाने अन्न उतरेना, तेव्हा नरेंद्रांनी हट्ट धरला, आईकडे बरे करण्याचे मागा. त्यांनी मागितले. आईने शिष्यांकडे बोट दाखवले, इतक्या मुखांनी तूच तर खातो आहेस, असे सांगून त्यांना लाजवले म्हणे. १६ ऑगस्ट १८८६ रोजी ते गेले.