खडकवासल्याचे दरवाजे

पुण्यातील वारज्याजवळून मुठा नदी वाहते. तिच्या काठाने वर गेले, की खडकवासल्याचे धरण लागते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या बुद्धीची कसोटी या धरणावर लागली.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. पितृछत्र लहानपणीच हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूर येथे पदवी मिळविली. पुढे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्यास आले व रस्ते, पूल, धरणे बांधण्याची विद्या, म्हणजे स्थापत्यशास्त्र, शिकले. १८८३ साली परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि पुढच्याच वर्षी सरकारी बांधकाम खात्यात रुजू झाले.

त्या काळी पावसाळ्यात खडकवासल्याच्या सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई आणि पुढे तेच पाणी अपुरे पडे. सांडवा उंच करावा, तर महापुरात धरणच धोक्यात येणार! विश्वेश्वरय्यांनी या पेचातून मोठी नामी वाट काढली. सांडव्यावर त्यांनी दरवाजे योजिले. सुमारे आठ फूट अधिक पाणी साठेपर्यंत ते मिटलेले राहत. पाणी त्याहून चढू लागले, की मनुष्याचा हात न लागता उघडत आणि पूर ओसरताच पुन्हा मिटत. १९०३ मध्ये हे दरवाजे बसले. या युक्तीचे एकस्व त्यांच्या नावे होते. तरी सरकारी चाकरीत केलेले काम म्हणून त्यांनी त्याचा मोबदला घेतला नाही. अशी माणसे विरळाच.

पुढे कावेरीवरील कृष्णराजसागराच्या उभारणीत त्यांनी मोठा वाटा उचलला. १९५५ साली ते भारतरत्न झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही. ते पुढे नव्याने बांधण्यात आले. त्या वेळी विश्वेश्वरय्या शंभरीच्या घरात होते. १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळूर येथे ते निवर्तले.