रे. नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई

जुबिलीच्या या स्मरणिकेत आमच्या मंडळीबाहेरील एका दांपत्याचे चरित्र आलेले पाहून काही वाचकांस नवल वाटेल. रे. टिळक हे अमेरिकन मराठी मिशनचे पाळक, कॅथलिक नव्हेत. तथापि त्यांच्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे साताऱ्यास गेली, आणि साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या या कृष्णाकाठी मराठीत प्रभूचे स्तवन करणारा कोणीही त्यांच्या ऋणातून सर्वस्वी मुक्त आहे असे आम्हांस वाटत नाही.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. मातृवियोग लवकर घडला, घर सुटले आणि नाशिकास राहून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. नाशिकनजीकच्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेविले. पुढे शिक्षक, कीर्तनकार, कवी अशा नाना भूमिकांतून गाव बदलीत ते हिंडत राहिले. एका ठिकाणी स्थिर होणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते, आणि हातात आलेला पैसा टिकणे त्याहूनही नव्हते! १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांस नवा करार वाचावयास दिला. त्या वाचनाचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांच्या बाप्तिस्म्यात झाला.

येथवरची कथा पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्या दिवशी लक्ष्मीबाईंवर काय कोसळले, याचा विचार चरित्रे लिहिताना क्वचितच होतो. लहानग्या दत्तूस घेऊन त्या माऊलीने जवळजवळ पाच वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढिली. पती जिवंत असून वियोग, आणि लोकांच्या बोलण्यास तर अंत नाही. टिळकांची श्रद्धा अस्सल होती याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही; पण त्या श्रद्धेचे मोल प्रथम घरातील स्त्रीने भरिले, हे लपवून त्यांचा गौरव करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

पुढे त्या अहमदनगरास पतीकडे आल्या, त्याही आपले सोवळे व आपली चूल वेगळी राखून. टिळकांनी बळजोरी केली नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे अशी खात्री बाईंची त्यांच्याच विचाराने झाली, आणि १९०० साली त्यांनी पुत्रासह बाप्तिस्मा घेतला. नंतरचा त्यांचा संसार हा निव्वळ दोघांचा राहिलाच नाही. प्लेगच्या दिवसांत बाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. दुष्काळाने पोरकी झालेली मुले घरी आली ती घरचीच होऊन गेली. बालकवी ठोमरे यांसही याच घराने पोटच्या पोरासारखी माया लाविली. पाहुण्यांची व पोरांची गणती टिळकांनी कधी केली नाही. पिठाची मात्र बाईंना करावी लागे.

१९१७ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनचे वेतन सोडिले व साताऱ्यास येऊन देवाचा दरबार मांडिला. वेतन घेणाऱ्या उपदेशकाकडे लोक परक्यांचा चाकर म्हणून पाहतात, हे शल्य त्यांस फार दिवस होते. तुकोबांच्या अभंगांतून ख्रिस्ताकडे आलेल्या या पुरुषास ख्रिस्ताच्या शिष्यांचा असा बंधुसंघ हवा होता, की ज्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले दोघेही बसतील, आणि ज्याची रीतभात, गाणे, भजन या मातीचे असेल. बाप्तिस्म्याविषयीची त्यांची ही मोकळीक आम्हां कॅथलिकांस मान्य होण्यासारखी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु त्यांनी उभा केलेला प्रश्न खोटा नव्हता. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जन्मलेल्या मनुष्याने ख्रिस्तास अनुसरावे, पण आपल्या आळीत परका होऊ नये, ते कसे? त्या काळी आमच्या देवळांतील मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. लोकभाषेची वाट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली मोकळी केली.

दरबार पुरता उभा राहण्यापूर्वीच टिळकांची प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ख्रिस्तपुराणाचे कर्ते येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचा गोमंतकात अंत झाला तो १६१९ साली, म्हणजे बरोबर तीनशे वर्षे आधी. एक इंग्लंडात जन्मलेला कॅथलिक, दुसरा कोकणातला प्रॉटेस्टंट. दोघांनाही ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत गावेसे वाटले, हा योग आम्हांस विसरवत नाही.

टिळकांचे ते काव्य, ख्रिस्तायन, मात्र अपुरे राहिले. साडेदहाच्या वर थोडे, इतकेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीनेच अक्षरओळख करून दिलेल्या लक्ष्मीबाईंनी वैधव्यात ते हाती घेतले व आणखी चौसष्ट अध्याय रचून ग्रंथ पुरा केला. त्यांची स्मृतिचित्रे आज घरोघरी वाचिली जातात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्या प्रभुवासी झाल्या. पूर्ण झालेले ख्रिस्तायन छापून निघाले ते १९३८ साली.