यूपीएसमधली बॅटरी कुणी शोधली? गास्तों प्लांते यांची गोष्ट

यावलमध्ये लाइट जाते म्हणजे काय, हे ई-सेवा केंद्राच्या रांगेत उभं राहिलेल्याला विचारा. अर्धा फॉर्म भरून झालेला असतो आणि स्क्रीन काळी! दीपनगरचं वीज केंद्र शेजारच्याच भुसावळ तालुक्यात, तरी ही तऱ्हा. अशा वेळी टेबलाखालचा यूपीएस टूं-टूं करत कॉम्प्युटर चालू ठेवतो. त्यात बहुतेक वेळा शिसं आणि आम्लाची बॅटरी असते. ती १८५९ मध्ये शोधली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने.

प्लांते यांचा जन्म १८३४ चा, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या ओर्तेझचा. १८५४ पासून ते पॅरिसमध्ये भौतिकशास्त्राचे सहायक होते. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ त्यांना एका अवाढव्य, न उडणाऱ्या पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्यांच्यावरून त्या पक्ष्याचं नाव पडलं गॅस्टोर्निस. बॅटरीवाल्याच्या नावाचा पक्षी, गंमतच आहे!

त्या काळी बॅटरी संपली की संपली, पुन्हा भरायची सोय नाही. द्रावणातून सोडलेला करंट थांबवला की आतल्या धातूच्या पट्ट्या थोडा वेळ उलटा करंट देतात. इतरांना ही कटकट वाटायची, प्लांते यांनी मात्र तिच्याच मागे लागून एकेक धातू तपासला. शिसं सरस ठरलं. शिशाचे दोन पत्रे, मध्ये रबराच्या पट्ट्या, त्याची गुंडाळी करून पातळ गंधकाम्लात बुडवली, झाला सेल. अशा नऊ सेलांची बॅटरी त्यांनी १८६० मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवली.

खरी अडचण पुढेच होती. पत्रे मुरायला महिनोन्‌महिने चार्ज-डिस्चार्ज करावं लागे. आणि चार्ज करायचं कशावर? कामाचे डायनॅमो तेव्हा नव्हतेच. म्हणजे ही बॅटरी भरायला दुसऱ्या बॅटऱ्या संपवायच्या! तरी प्लांते वर्षानुवर्षं प्रयोग करत राहिले. पुढे डायनॅमो आले. १८८१ मध्ये कामिल फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप लावून मुरवण्याचा वेळ वाचवला, आणि मग कारखान्यांतून या बॅटऱ्या निघू लागल्या. प्लांते १८८९ मध्ये वारले, वय ५५.

तुमच्या यूपीएसमध्ये असे सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २ व्होल्टचे, म्हणून १२ व्होल्ट. बॅटरी उतरलेली तशीच पडून राहिली तर पत्र्यांवरचं लेड सल्फेट कडक होतं आणि मग ती चार्ज धरत नाही. म्हणून लाइट गेली की फाइल सेव्ह करा, कॉम्प्युटर नीट बंद करा. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, त्याचा लोड त्याला झेपत नाही.