आकाशातून पाताळाकडे : डॉ. होमी भाभा

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. मुलाने केंब्रिजला अभियांत्रिकी शिकावी आणि परतून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. १९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेले खरे. पण तेथे भौतिकशास्त्राने त्यांचे मन वेधून घेतले. वडिलांनी अट घातली की, आधी अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवावा, मग आवडीच्या विषयासाठी घरचा आधार मिळेल. १९३० मध्ये पुत्राने अट पुरी केली आणि पित्यानेही शब्द पाळला.

अंतराळातून पृथ्वीवर अखंड कोसळणारे विश्वकिरण हा भाभांचा अभ्यासविषय ठरला. या किरणांतील एक वेगवान कण वातावरणात शिरताच असंख्य कणांचा वर्षाव कसा होतो, याचे गणित त्यांनी १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासह मांडले.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले आणि महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाल्यावर त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन स्वीकारले. सर चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा तेथे भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. भाभांनी विश्वकिरण संशोधन विभाग उभारला, विमानातून उपकरणे उंच आकाशात पाठवली. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

युद्ध संपताच परदेशी विद्यापीठात मानाने परतणे त्यांना सहज शक्य होते. बेंगळुरूच्या वास्तव्यात मात्र त्यांचा निश्चय पालटला. भारतीय तरुणांना मूलभूत संशोधनासाठी देश सोडावा लागू नये, या ध्यासाने त्यांनी १२ मार्च १९४४ रोजी दोराबजी टाटा विश्वस्त निधीकडे संस्थेचा प्रस्ताव पाठवला. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बेंगळुरूतच सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला आली.

आकाशाचा शोध पुढे पाताळात उतरला. बेंगळुरूपासून सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. खोलवरच्या खडकात विश्वकिरणांतील बहुतेक कण अडतात. न्यूट्रिनो मात्र आरपार जातो. १९५० च्या दशकाच्या आरंभी भाभांच्या प्रेरणेने संस्थेचे संशोधक या खाणींत मोजमापे करू लागले. १९६५ मध्ये सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर भारतीय, जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. जगात अशा पहिल्या नोंदींपैकी ती एक होय. काही महिन्यांतच, २४ जानेवारी १९६६ रोजी, माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले.

न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण आहे काय, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. काही अणुकेंद्रांत दोन न्यूट्रॉनांचे एकाच वेळी प्रोटॉन होतात. तेव्हा दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. प्रतिन्यूट्रिनोंविना केवळ इलेक्ट्रॉनच निघाले, तर उत्तर होकारार्थी ठरेल. ही घटना विश्वाच्या वयाच्या कोट्यवधी पटींहूनही अधिक काळाची अपेक्षा धरायला लावणारी, इतकी दुर्मीळ आहे. म्हणूनच जगभर तिचा शोध भूगर्भाच्या निवाऱ्यात चालतो. टाटा संस्थेतील संशोधकांनीही कथिलाच्या अणुकेंद्रांत हा शोध घेण्यासाठी अतिशीत उपकरणे विकसित करण्याचे काम हाती घेतले.

भाभांनी केवळ शोध लावले नाहीत. पुढच्या पिढ्यांना मायदेशात शोध घेता यावेत, अशी जागा त्यांनी उभी केली. पुत्राची ओढ ओळखणाऱ्या एका पित्याचाही त्या उभारणीत वाटा आहे.